पाच ओळींची पात

वर्षाच्या यादीत त्या दिवशी सतरा कामं होती, आणि त्यांतली अकरा तिच्या आईनं करायची होती.

यादी फ्रिजवर चुंबकानं लावलेली असायची. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पाठकोरी पानं आणि तीन रंगांचे स्केचपेन: स्वतःच्या कामांना निळा, आईच्या कामांना हिरवा आणि कालच्या यादीतून उरलेल्या कामांना लाल. लाल पेन नेहमी सगळ्यांत आधी संपायचा. वर्षा यवतमाळच्या एका शाळेत गणित शिकवायची आणि शाळेचं वेळापत्रकही तीच बनवायची. बत्तीस शिक्षक, एकवीस वर्ग, दोन शिफ्टा, आणि कुठं कोणी कोणावर आदळायचं नाही. मुख्याध्यापक पाहुण्यांना ते वेळापत्रक कौतुकानं दाखवायचे. त्याच बाईच्या घरी मात्र गेल्या कित्येक वर्षांत एकही यादी संध्याकाळपर्यंत पुरी झालेली नव्हती. सतरातली नऊ व्हायची, आठ दुसऱ्या दिवशीच्या पानावर लाल होऊन बसायची. तिचा नवरा राजदीप एसटीच्या आगारात मेकॅनिक होता, आणि मेकॅनिक माणसाला फार बोलायची सवय नसते, पण एकदा चहा पिता पिता त्यानं फ्रिजकडं पाहून विचारलंच, की यादी करायचं काम यादीत लिहिलंय का? ते तरी झालं म्हणून खोडता येईल. वर्षा दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

आई, म्हणजे भागीरथाबाई, अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढून उठता उठता कलंडली. मारेगावच्या अलीकडं त्यांचं गाव. तिथून धाकट्या भावानं, कपिलनं, गाडी करून तिला यवतमाळला आणलं. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि जीभ जड झाली. बावीस दिवस दवाखान्यात काढून ती वर्षाच्या वाघापूरच्या घरी आली. व्यायाम घ्यायला येणारी बाई इथं जवळ होती, गावात कुठून मिळणार? सगळ्यांनाच ते पटलं. फक्त भागीरथाबाईला पटलं की नाही, ते कोणी विचारलं नाही, कारण तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

जून सरता सरता जीभ थोडी सुटली, तेव्हा ती पहिलं धड वाक्य बोलली ते हे.

"मले घरी जायचं हाय."

कपिल त्या दिवशी भेटायला आला होता. त्यानं डोळे पुसले आणि जे खरं होतं ते सांगितलं. घरी ओसरीवरून खाली उतरून अंगणातल्या संडासापर्यंत चाळीस पावलं आहेत, आईच्या पावलांनी चाळीस. तो दिवसभर वावरात. त्याच्या बायकोच्या, सुरभीच्या, कमरेला पट्टा आहे, तिला आईला उचलणं होणार नाही. आई ती चाळीस पावलं कोणाच्या आधाराशिवाय चालली, की दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन येईल. आणि तो म्हणाला, की पोळ्यापर्यंत जमलं तर फार बरं होईल. खांदेशेकणीला बैलांना आवतण द्यायला घरात दुसरं कोण आहे? पन्नास वर्षं ते भागीरथाबाईनंच दिलं होतं. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावायची आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ते वाक्य म्हणायला तिला एकदाही कोणाची बदली लागलेली नव्हती.

झालं. वर्षानं त्याच रात्री जेवणं उरकल्यावर हिरवा पेन काढला.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या वैष्णवीनं सांगितलं होतं दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. वर्षानं विचार केला, दहानं फायदा होतो तर तिसानं तिप्पट होईल. गणिताच्या बाईचा विचार. पाच वाजून तीस मिनिटं: उठून बसणं. पाच चाळीस: बोटं मिटणं-उघडणं, पन्नास वेळा. सहा: वॉकर घेऊन खिडकीपर्यंत. सव्वासहा: एक ते शंभर मोठ्यानं म्हणणं. असं करत करत रात्रीच्या जेवणापर्यंत अकरा कामं. वर्षा शाळेत जायची तेव्हा शेजारची मुलगी येऊन बसायची, तिलाही एक वेगळं पान होतं.

पहिल्या आठवड्यात भागीरथाबाईनं इमानदारीनं ओढलं. सकाळची चार कामं व्हायची, पाचव्याला हात थरथरायचा, सहाव्याला ती घामाघूम व्हायची आणि उरलेली पाच तशीच राहायची. संध्याकाळी वर्षा आली की फ्रिजपुढं उभी राहून एकेक ओळ वाचायची: हे झालं? हे? आणि हे? आई पलंगावरून नाही म्हणून मान हलवायची. वर्षा रागवायची नाही, तेवढी ती शहाणी होती. ती फक्त सुस्कारा टाकून लाल पेनाचं टोपण काढायची. पण त्या टोपणाचा आवाज आईला ऐकू जायचा. तिसऱ्या आठवड्यात आई भिंतीकडं तोंड करून झोपायला लागली.

वर्षाला आईचा राग यायचा, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटायची. ही तीच बाई का? ही तर साऱ्या गल्लीच्या बायांना वावरात नेऊन परत आणणारी बाई होती.

ते दिवस वर्षाच्या आत अजून तसेच्या तसे होते. आता निंदणाला कोण जातं? पाठीवर पंप घेऊन माणूस येतो, तणनाशक मारतो आणि दुपारी घरी जाऊन झोपतो. पण वर्षा लहान होती तेव्हा आषाढात पाऊस उघडला की गल्लीतल्या बारा-तेरा बाया सावडीनं निंदायला निघायच्या, आज तुमच्या वावरात, उद्या आमच्या. पदरात भाकर, कमरेला खुरपं. बैलबंडीच्या वाटेनं जाताना चिखलात चपला रुतायच्या म्हणून सगळ्या अनवाणी, आणि सगळ्यांच्या बोलण्याचा एकच कलकल आवाज. वावरात पोचलं की तो आवाज बंद व्हायचा, कारण मग भागीरथाबाई पाती द्यायची.

पात म्हणजे एका बाईनं निंदत न्यायच्या ओळींचा पट्टा. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत. कोणाला किती ओळींची पात, हे ठरवायचं काम भागीरथाबाईचं. ती धुऱ्यावर उभी राहायची आणि एकेकीकडं बघायची. आधी तोंडाकडं, मग हातांकडं. तोंडानं ती काही विचारायची नाही. तुला सहा, तुला पाच, तुला चार. जिचं लेकरू रात्रभर रडलं असेल तिला तीन. नवऱ्याशी भांडून आलेली असेल तिला एक ओळ जास्त, कारण रागाचा हात चालतो. म्हाताऱ्या धुरपताबाईला कधी पाच, कधी दोन. कोणाला का कमी, ते ती कधी बोलायची नाही आणि दुसरं कोणी विचारायचंही नाही. तिचा नियम एकच होता, दिलेली पात धुऱ्याला लागली पाहिजे. अर्धवट सोडून उठायचं नाही. म्हणून तर ती द्यायचीच तेवढी, की जी धुऱ्याला लागेल. सांजेला सगळ्या बाया पलीकडच्या धुऱ्यावर एकदम टेकायच्या, बाभळीखाली पाणी प्यायच्या आणि मागं वळून साफ झालेल्या वावराकडं बघायच्या. काळ्या मातीत हिरव्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या, ओळी, मधे एक केना नाही की लव्हाळा नाही. ते बघण्यासाठी त्या जणू दिवसभर वाकलेल्या असायच्या. वर्षाला अजूनही कशानं बरं वाटत असेल तर त्या आठवणीनं.

आणि त्या आठवणीच्या मधोमध तिचा स्वतःचा एक दिवस होता.

ती दहा वर्षांची होती. शाळेला सुट्टी होती आणि ती पहिल्यांदा स्वतःचं खुरपं घेऊन गेली होती. आईनं तोंडाकडं बघितलं, हातांकडं बघितलं आणि म्हणाली, दोन. वर्षा रुसली. दोन ओळी तर म्हाताऱ्यांना देतात. तिनं पाच मागितल्या. बाया हसल्या. ती हट्टाला पेटली, डोळ्यांत पाणी आणलं, खुरपं फेकलं. शेवटी आई म्हणाली, घे बाई पाच. आणि वर्षानं खाली मान घातली ती दुपारची भाकर सोडली तर वर काढलीच नाही. सांजेला तिची पाच ओळींची पात सगळ्यांबरोबर धुऱ्याला लागली. बाया म्हणाल्या, भागीरथे, पोरगी तुझ्यावर गेली. आईनं तिच्या हातावरचे फोड बघितले आणि तिच्या डोक्यावर पदर टाकला.

वर्षानं ही गोष्ट आयुष्यभर खर्चली. बीएडच्या मुलाखतीत सांगितली. दर वर्षी नवव्या वर्गाला पहिल्या तासाला सांगितली: मनात आणलं तर दहा वर्षांची पोरगी पाच ओळी काढते, तुम्हाला वीस गणितं होत नाहीत? रोज सकाळी कोऱ्या पानापुढं बसली, की तिला ती पोरगी दिसायची. दहाव्या वर्षी पाच, मग एक्केचाळिसाव्या वर्षी सतरा का नाही? संध्याकाळी नऊच झालेली दिसली की तिला वाटायचं, आपण आळशी झालो, आपल्यातलं काहीतरी नासलं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, राजदीपलाही नाही.

पोळ्याला पाच आठवडे राहिले होते, तेव्हाचा तो रविवार. यादीत लिहिलं होतं, वॉकरशिवाय पंधरा पावलं. भागीरथाबाई नवव्या पावलाला थांबली. वर्षा पुढं उभी राहून हात पसरून म्हणत होती, ये, ये, अजून सहाच. दहाव्याला आईचा गुडघा मोडला आणि ती भिंतीला घासत खाली बसली. लागलं कुठंच नाही. पण ती उठेना. राजदीपनं उचलून पलंगावर ठेवलं, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि दुपारी जेवलीही नाही.

सोमवारी वैष्णवी आली. वय जेमतेम सव्वीस, पण बोलायला पक्की. तिनं आईचा हात उचलला, सोडला, तो पडला. मग ती पाणी प्यायला आत गेली आणि फ्रिजपुढं थबकली. तिनं ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ताई, हे कोणासाठी आहे?" तिनं विचारलं. "रोज अकरातल्या सात गोष्टींत नापास झाल्यावर कोणाचं शरीर प्रयत्न करेल? आजी आता हात उचलतच नाहीयेत. उचलता येतो, पण उचलत नाहीयेत. असंच आणखी महिनाभर गेलं तर मग यायचं तेही येणार नाही."

ती गेल्यावर वर्षानं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग येऊन आईच्या पलंगाशी बसली. बाहेर अजून उजेड होता, पावसाची झड लागून नुकतीच उघडली होती. तिला आईची माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. माणूस थकला की त्याच्या तोंडून आधी तक्रार निघते, माफी मागाहून येते.

"माय, म्या दहाव्या वर्षी पाच ओळी काढल्या," ती म्हणाली. "तूच देल्ल्या होत्या. आनं तुह्याच्यानं दहा पावलं होत नाई? तू तर अशी नोयती."

भागीरथाबाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं. कितीतरी दिवसांनी तिनं लेकीकडं नीट बघितलं, आधी तोंडाकडं, मग हातांकडं. तिचा ओठ एका बाजूनं हलला. शब्द एकेक करून यायचा तिला, विहिरीतून बादली ओढल्यासारखा.

"पाच नाई," ती म्हणाली. "दोन."

वर्षाला वाटलं, आईचं डोकं भरकटलं. ती म्हणाली, पाच होत्या, साऱ्या बायांनी बघितल्या.

"तुह्या डाव्या आंगाले मी होती. उजव्या आंगाले धुरपता." आई थांबली, श्वास घेतला. "माह्याकडच्या दोन म्या काढल्या. तिच्याकडची एक तिनं. मधातल्या दोन तुह्या."

"मले कशा दिसल्या नाई मंग?"

"आमी तुह्या दोन हात समोर चालत होतो. चार-दोन काड्या ठेवत गेलो. तुह्या हाताले लागाव्या म्हून." आईचा डावा हात पांघरुणावर जरासा हलला, काडी उपटल्यासारखा. "तू वर पाह्यलंच नाई."

तिला आधी राग आला, असा की कानशिलं तापली. एकतीस वर्षं. मुलाखत, नववा वर्ग, ती सगळी पानं. तिनं विचारलं, मग सांगितलं का नाही? आई म्हणाली, तू इतकी खुश होतीस. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. मग तू साऱ्या गावाला सांगत सुटलीस, मग कशी सांगू? पुढं तू मोठी झालीस, नोकरीला लागलीस, मला वाटलं विसरली असशील.

"म्या चुकली," भागीरथाबाई म्हणाली. "पात देनाऱ्यानं लबाडी करू नाई. साऱ्याईले बरोबर देल्ली. तुलेच चुकीची देल्ली."

आणि ती रडायला लागली. आजारानंतर ती पहिल्यांदाच रडत होती. वर्षानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तीही रडली. रडता रडता तिच्या लक्षात आलं, की आपल्याला राग आलाय खरा, पण त्याच्याखाली काहीतरी हलकं होतंय. दोनच ओळी. दहा वर्षांच्या पोरीला दोनच झेपायच्या, आणि त्या तिनं काढल्या होत्या. त्यांच्यात खोट नव्हती. नासलं-बिसलं काही नव्हतं, माप चुकीचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला वर्षा चहा आणि कोरं पान घेऊन आईपुढं बसली. फ्रिजवरचं पान तिनं काढून टाकलं होतं. ती म्हणाली, माय, पाती दे.

भागीरथाबाईला आधी समजेना. मग समजलं. तिनं उशीला टेकवून बसवायला सांगितलं, कारण झोपून पाती देता येत नाहीत. लेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, डाव्या हातानं तो उलटा-पालटा केला, परक्या बाईचा असल्यासारखा.

"मले एक," ती म्हणाली. "खिडकीवरी. तुले दोन."

दोन! वर्षाच्या डोक्यात सतरा होती. ती भांडली. पेपर तपासायचेत, वेळापत्रक बदलायचंय, लोणच्याची बरणी, गॅसवाला, मोठ्या जावेला फोन. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, यातल्या दोन सांग, ज्या धुऱ्याला लागतील. बाकीचं वावर कुठं पळून जात नाही. वर्षानं नाक मुरडत दोन लिहिली. पेपर, आणि शाळेतून आल्यावर आईला आंघोळ. तिनं रजा-बिजा काही काढली नाही. फक्त ज्यांना हो म्हणायची सवय होती त्यांना त्या दिवशी 'नंतर बघू' म्हणाली. संध्याकाळी सात वाजता दोन्ही खोडली गेली. लाल पेन डब्यातच राहिला. तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, पायातला काटा निघाल्यावर पाऊल ठेवायला भीती वाटते तसं. आणि तिनं नंतर म्हटल्यानं शाळेचं काहीच अडलं नाही, हे बघून तिला थोडा अपमानही वाटला.

आई त्या दिवशी वॉकर घेऊन खिडकीपर्यंत गेली. सात पावलं. खिडकीची चौकट धरून उभी राहिली, वळली आणि मागं पलंगाकडं बघितलं, जसं धुऱ्यावर टेकल्यावर वावराकडं बघतात.

मग रोज सकाळी तेच. आधी तोंड, मग हात. कधी आई स्वतःला दोन द्यायची, कधी एक. वॉकर सुटला. खिडकीनंतर उंबरठा, उंबरठ्यानंतर पायरी, पायरीनंतर जास्वंदीचं झाड. जास्वंद विसाव्या पावलावर होती, फाटक चाळिसाव्या. एका सकाळी तिला कणकण होती, तेव्हा ती म्हणाली, आज झड हाय, आज पात नाई, आणि खुशाल झोपली. वर्षानं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, पण दुसऱ्या दिवशी आई आपणहून उठून बसली. वैष्णवीनं हात उचलून बघितला, सोडला, तो हवेत राहिला. ती हसली फक्त.

पण पोळा काही कोणासाठी थांबत नाही. खांदेशेकणीच्या सकाळी कपिल मित्राची गाडी घेऊन आला, तेव्हा आईची पावलं सव्वीस झाली होती. काल सव्वीस, परवा पंचवीस. चाळीस कधीच नाही.

कपिलनं गाडी फाटकापुढं लावली आणि म्हणाला, माय, ये. तो फाटकातच उभा राहिला, डोळे भरून. भागीरथाबाई नवी नऊवारी नेसली होती, वर्षानं नेसवली होती. ती निघाली. उंबरठा, पायरी, जास्वंद. वर्षा तिच्या डाव्या बाजूनं चालत होती, मनात मोजत. एकवीस, बावीस. चोविसाव्याला आईचा श्वास मोठा झाला. सव्विसाव्याला गुडघा थरथरला आणि वर्षानं काही न ठरवता, पदराआडून, आपला हात आईच्या काखेत घातला आणि सगळा भार घेतला. कपिलच्या बाजूनं ते दिसण्यासारखं नव्हतं. सत्तावीस, अठ्ठावीस. वर्षाचं मन म्हणत होतं, जाऊ दे, एकदा घरी जाऊ दे, पन्नास वर्षांत पोळा चुकला नाही तिचा. आईचं वजन तिला फारसं लागलंच नाही. लुगड्यासकट ते कितीसं होतं? चाळिसाव्याला आईचा हात फाटकावर टेकला.

कपिल रडायलाच लागला. चाळीस, तो म्हणाला, माय, चाळीस. त्यानं गाडीचं दार उघडलं, आईची पिशवी आत ठेवली, सुरभीला फोन लावला.

भागीरथाबाई फाटकाला धरून उभी होती. श्वास खाली बसेपर्यंत थांबली. मग म्हणाली,

"फोन ठेव. चाळीस नाई. सव्वीस. बाकीचे वर्षानं काढले."

कपिलनं बहिणीकडं बघितलं. वर्षाची मान खाली गेली. ती पुटपुटली, की माय, कायले सांगतलं? चौदाच तर होते.

"तेवा बी तीनच ओळी होत्या," आई म्हणाली.

रस्त्यानं मातीचे बैल विकणारा गेला. कपिल गाडीचं उघडं दार धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडं बघून वर्षाला कळत होतं, की त्याला दार लावायचंही नाही आणि उघडं ठेवायचंही जमत नाही. आईनं डोळे मिटले होते. तिला घरी जायचं होतं, जूनपासून तिनं दुसरं काही मागितलेलं नव्हतं, आणि आता ते तिच्या पुढ्यात दार उघडून उभं असताना तिनं स्वतःच्या तोंडानं ते परत केलं होतं. वर्षाला आईचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, धुऱ्यावर पाती देतानासुद्धा नाही.

शेवटी कपिल भागीरथाबाईचाच पोरगा. त्यानं डोकं खाजवलं.

"सव्वीसात वीस बसते का, माय?"

आईनं डोळे उघडले.

"बसते," ती म्हणाली.

"मंग अंगनात मधात बाज टाकतो. वीस पावलं, बस. मंग वीस. बाजीले धुरा समज."

भागीरथाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, हातांकडं बघितलं. बराच वेळ हिशेब चालला होता तिचा. मग तिनं फाटकावरचा हात सोडला आणि गाडीचं दार धरलं. सुरभीला परत फोन गेला, की बाज काढ, मोजून विसाव्या पावलावर टाक, पावलं मायची धर, तुझी नको. त्या संध्याकाळी बैलांना आवतण कोणी दिलं, ते सांगायला नको. कपिल म्हणाला, एकेका शब्दाला इतका वेळ लागला, की बैल जागच्या जागी शांत उभे राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पोळा. वर्षा साडेपाचला उठली. चहा केला, कोरं पान काढलं आणि समोरचा रिकामा पलंग बघून तिला रडू आलं. सवयीनं निळा पेन उघडला. पुरण, शाळेचं निकालपत्रक, पडदे, वेळापत्रक, माळा साफ करणं. बघता बघता नऊ झाली.

फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. सुरभीनं फोन धरला असावा, कारण तो हलत होता. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. आईचं अर्धं तोंड आणि अर्धी ओसरी दिसत होती.

"तोंड दाखव," आई म्हणाली.

वर्षानं फोन समोर धरला. डोळे पुसायला वेळ मिळाला नाही.

"हात."

वर्षानं पेनाचा हात फोनपुढं धरला.

"दोन," आई म्हणाली. "एक पुरनाची. एक झोपाची."

फोन बंद झाला. वर्षानं पानाची घडी करून ती चहाच्या कपाखाली ठेवली. पुरण शिजवलं, राजदीपला वाढलं, आणि दुपारी पंखा लावून ती आईच्या पलंगावर आडवी झाली. झोप लागण्याआधी तिनं एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. बाजूला कोणीच नव्हतं. त्या दिवशीच्या दोन्ही ओळी तिनं एकटीनं काढल्या.